बोलता न येणाऱ्या मुलांना लिहा-वाचायला शिकवताना या चुका टाळा

"आधी बोलायला लागू दे, मग अक्षरांचं बघू." सगळ्यात महागात पडते ती ही चूक. वाचायला तोंडाने उच्चार यावाच लागतो असं नाही. शब्दातले आवाज मनातल्या मनातही जुळवता येतात. वाट बघण्यात मुलाची वर्षं मात्र जातात.

दुसरी चूक, शिकवण्याच्या नावाखाली परीक्षा घेणं. दोन कार्डं धरून "क कुठंय?" विचारलं, तर नुसत्या अंदाजानेही निम्म्या वेळा उत्तर बरोबर येतं. म्हणजे मुलाला येतं की नाही ते कळलं नाहीच, आणि शिकवणंही राहिलं. त्यापेक्षा गोष्ट वाचताना तुम्हीच त्याच्या संवाद तक्त्यावर (बोलण्याऐवजी दाखवायच्या शब्द-चित्रांचा तक्ता) "अजून", "नको", "कुठे" यांवर बोट ठेवत बोला. तक्ता दप्तरात आणि वर "हा वापरतच नाही" ही तक्रार, असं नको.

आता पेन्सिलीचं. हात धरून नाव गिरवून घेतलं की वही छान दिसते, पण ते नाव तुम्ही लिहिलेलं असतं. हात साथ देत नसेल तर पेन्सिलच बदला: अक्षर मुलाने निवडायचं, तुम्ही फक्त उतरवायचं. मुळाक्षरांच्या ओळींचा तक्ता करा आणि एकेक ओळ सावकाश वाचा: "क-ख-ग-घ? च-छ-ज-झ?" 'प'च्या ओळीला मूल नजर वर करतं, म्हणजे "हो". मग "प? फ? ब? भ? म?" पुन्हा नजर वर. 'म' लिहा. मग काना, वेलांटी, उकार विचारा. "काही नको" आणि "खोड" हेही पर्याय हवेतच. अक्षरं पहिल्या दिवसापासून सगळी द्या, पाच-पाच नव्हे. सुरुवातीला "मटझू" असलं काहीतरी उमटेल. उमटू द्या, बोलणारी मुलंही आधी रेघोट्याच मारतात. "अरे, म! मामाचा का?" एवढं पुरे. दुरुस्ती नको.

प्रत्येक शब्दावर चित्र चिकटवू नका. नजर चित्रावर जाते, अक्षरं राहतात बाजूला. शिवाय "पण"चं चित्र काय काढणार?

उत्तरच येत नसेल तर आधी बसणं तपासा. पाय लोंबकळत असतील तर सगळी ताकद तोल सावरण्यात जाते. मग प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा. (मी कित्येक दिवस चारावरच फुटायचे.) मध्येच प्रश्न परत विचारलात, तर त्याची जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून.