घरी गाडी रंगवण्यासाठी स्प्रे गन आणि बफर कसे निवडावेत

गन घ्यायला दुकानात जाण्याआधी आपल्या कंप्रेसरची पाटी वाचा. घरच्या रंगकामात बहुतेक वेळा कमी पडते ती हवा, आणि दोष येतो गनवर. पाटीवरचा सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा, याचा) आकडा बहुधा पिस्टनने ओढलेल्या हवेचा असतो. पाइपातून हाती येते ती साधारण त्याच्या दोन-तृतीयांश. 1 एचपीच्या कंप्रेसरकडून 3 सीएफएमच्या आसपास, 2 एचपीकडून 5 ते 6, एवढेच धरून चाला.

आता गन. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनचा गाजावाजा योग्यच आहे, कारण जुन्या पद्धतीच्या गनपेक्षा तिचा रंग हवेत कमी उडतो आणि पत्र्यावर जास्त बसतो. पण तिला 10 ते 14 सीएफएम हवा लागते. घरच्या 2 एचपी कंप्रेसरवर ती लावली तर अर्धा दरवाजा होईपर्यंत दाब उतरतो, थेंब मोठे पडतात आणि लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चकचकीत थर, खडबडीत बसतो. म्हणून घरासाठी एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) गन घ्या. तिचे काम 4 ते 5 सीएफएमवर भागते. टाकी 50 लिटरची असावी आणि एका वेळी एकच दरवाजा किंवा एकच फेंडर हाती घ्यावा. भिंती आणि गेट रंगवायच्या विजेवरच्या हातगनचा मोह टाळा. तिचे नोझल जाड रंगासाठी असते, लॅकरचा बारीक फवारा तिच्यातून निघत नाही.

कप वर असलेली ग्रॅव्हिटी गन घ्या. तिला दाब कमी लागतो आणि तळाचा रंगही वापरला जातो. बेस कोट (लॅकरखालचा मूळ रंग) आणि लॅकरसाठी 1.3 किंवा 1.4 मिमी नोझल, प्रायमर-सरफेसरसाठी (रंगाआधी खाचा भरणारा जाड थर) 1.7 किंवा 1.8. सरफेसर 1.3 मधून मारायला गेलात तर तो इतका पातळ करावा लागतो की भरावच राहत नाही. जमल्यास प्रायमरची स्वस्त गन वेगळीच ठेवा. नोझल बदलले तर त्याची सुईही बदलावी लागते, त्यामुळे सुटे भाग मिळतात का हे दुकानात आधी विचारा.

गनच्या मुठीखाली मीटरसह रेग्युलेटर बसवा. ट्रिगर ओढून धरलेला असतानाच काटा वाचायचा. ट्रिगर सोडल्यावर दिसणारा दाब खोटा असतो. गनच्या पुस्तिकेतला आकडा पाळा, बहुतेक एलव्हीएलपी गनना 25 ते 30 पीएसआय पुरतो. पाणी अडवणारा फिल्टर कंप्रेसरला चिकटून लावू नका. तिथे हवा गरम असते, तिच्यातली वाफ फिल्टरमधून तशीच निघून जाते आणि पुढे पाइपात गार होऊन तिचे पाणी होते. फिल्टर काही मीटर पाइपानंतर लावा आणि टाकीचा खालचा नळ रोज उघडून पाणी काढा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारलात तर दमट हवेने तो पांढुरका पडतो. हे काम दिवाळीनंतर काढलेले बरे.

गाडीला हात लावण्याआधी पुठ्ठ्यावर चाचणी घ्या. 15 सेमी अंतरावरून क्षणभर फवारा: ठसा लांबट आणि दोन्ही बाजूंना सारखा हवा. मग गनच्या तोंडावरची एअर कॅप 90 अंश फिरवा म्हणजे पट्टा आडवा पडेल, आणि रंग ओघळेपर्यंत ट्रिगर धरा. ओघळ सगळीकडे साधारण सारख्या लांबीचे आले तर गन नीट जुळली. मधले ओघळ लांब असतील तर रंग जाड आहे किंवा दाब कमी. कडांचे लांब असतील तर दाब जास्त. ठसा केळ्यासारखा वाकडा आला तर एअर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा फवारा. वाक उलट बाजूला गेला तर कॅपचे भोक तुंबले आहे, तसाच राहिला तर नोझल. भोके थिनर आणि लाकडी काडीने साफ करा. तार घातली की भोक कायमचे बिघडते.

पीयू (पॉलियुरेथेन) लॅकर कडक होण्यासाठी त्यात मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे रसायन असते. त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि वास येत नाही म्हणून ते शरीरात जात नाही असे मुळीच नाही. कापडी मास्क इथे कुचकामी आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क, हातमोजे आणि अंगभर कपडे नसतील तर लॅकरचे काम गॅरेजवाल्याला द्या. त्यात कमीपणा नाही. थिनरची वाफ पेट घेते, तेव्हा जवळ गॅस, गिझर किंवा देवापुढचा दिवा नको. गाडीचा रंग पूर्ण बदलणार असाल तर आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

बफर, म्हणजे वाळलेला लॅकर घासून चमकवणारे यंत्र, निवडताना लॅकरची जाडी डोळ्यांपुढे ठेवा. ती 40 ते 60 मायक्रॉन, म्हणजे केसाएवढीही असेल-नसेल. 11,000 आरपीएमच्या अँगल ग्राइंडरला पॅड लावून बफिंग करणारे लोक दिसतात. त्या वेगाने लॅकर काही सेकंदांत जळतो. एकाच अक्षावर फिरणारा रोटरी बफर वेगाने काम उरकतो, पण सवय नसलेल्या हातात तो कडा उघड्या पाडतो. घरासाठी ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए बफर घ्या: 125 किंवा 150 मिमी पॅडचा आणि वेग कमी-जास्त करता येणारा. तो फिरतो आणि हलतोही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही.

पीयू लॅकरला किमान एक-दोन दिवस वाळू द्या. ओघळ किंवा खडबड असेल तिथे 2000 नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलकेच घासा, मग 3000 नंबर. कडांवर आणि उठावाच्या रेषांवर मास्किंग टेप लावा. लॅकर तिथेच सर्वात पातळ असतो. पॅडवर कंपाऊंडचे (घासून ओरखडे काढणाऱ्या लेपाचे) वाटाण्याएवढे चार-पाच ठिपके घ्या आणि दोन फूट चौकोनात आधी मंद वेगाने पसरवा. मग बफरवरचा वेगाचा आकडा 4 किंवा 5 वर नेऊन सावकाश उभे-आडवे फिरवा. तळहात टेकवता येणार नाही इतका पत्रा तापला तर थांबा. प्लॅस्टिकचा बंपर पत्र्याच्या आधी तापतो, तिथे वेग एक टप्पा कमीच ठेवा. कंपाऊंडचा पॅड वेगळा, पॉलिशचा वेगळा. दोन्ही अधूनमधून ब्रशने मोकळे करत जा, नाहीतर वाळलेले कण नवे ओरखडे काढतात.

रंगकाम चालू असेल तिथे सिलिकॉनचा डॅशबोर्ड स्प्रे अजिबात उघडू नका. त्याचे कण पत्र्यावर बसले की ओल्या लॅकरला गोल खळगे पडतात, आणि ते बफरने जात नाहीत.