मरीन टाकीची वाळू निवडताना या चुका टाळा

मरीन टाकी म्हणजे समुद्री माशांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय. ती लावताना किनाऱ्याजवळ राहणाऱ्याला पहिला मोह होतो तो चौपाटीवरून पिशवीभर वाळू आणण्याचा. मासे समुद्राचे, मग वाळू विकत कशाला? पण मुंबईच्या चौपाट्यांवर सांडपाणी आणि तेल येतं. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशी लोहयुक्त खनिजं असतात. त्यातले कण काच पुसायच्या चुंबकाला चिकटले की काचेवर कायमचे ओरखडे उठतात. लक्षद्वीप-अंदमानहून प्रवाळाचे तुकडे आणणं तर सोडूनच द्या, प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

दुकानातली अ‍ॅरगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू घ्या, पण तिच्या भरवशावर क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण; खारटपणा नव्हे) सोडू नका. पीएच आठच्या वर असताना ती फारशी विरघळतच नाही. प्रवाळ ठेवणार असाल तर क्षारता मोजावी आणि वेगळी भरून काढावीच लागते.

खरी गफलत होते ती दाण्यात. पिठीसाखरेसारखी वाळू फोटोत देखणी दिसते, पण जोरदार पॉवरहेड (पाण्यात प्रवाह तयार करणारा पंप) लावला की ती एका कोपऱ्यात ढीग करून बसते आणि प्रवाळांवर उडते. उलट क्रश्ड कोरलच्या (प्रवाळाच्या चुऱ्याच्या) जाड खड्यांत उरलेलं खाणं, विष्ठा अडकते आणि नायट्रेट चढत राहतं. बहुतेक टाक्यांना १ ते २ मिलिमीटरचा दाणा पुरतो. आधी मासा ठरवा, मग वाळू. वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून चाळणाऱ्या गोबी माशाला बारीक दाणाच हवा, रात्री वाळूत शिरून झोपणाऱ्या रास (wrasse) माशाला निदान ५ सेंटिमीटर थर हवा. क्लाउनफिशला कशाचंच सोयरसुतक नसतं.

थर एरवी ३-४ सेंटिमीटर ठेवा. ९० × ४५ सेंटिमीटरच्या टाकीला ३ सेंटिमीटर थरासाठी साधारण १८ किलो वाळू लागते. जुना जाड थर एकदम उपसू नका. खालच्या काळ्या पट्ट्यातून सडक्या अंड्याचा वास येत असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड आहे, माशांना घातक. दर वेळी थोडा थोडा भागच सायफन करा.

नव्या टाकीत वाळूवर तपकिरी साय धरली की लोक वाळू बदलायला धावतात. ते डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शैवाल. त्यांना लागणारं सिलिकेट बहुधा नळाच्या पाण्यातून येतं. आरओ-डीआय (फिल्टरने गाळून, आयन काढून शुद्ध केलेलं) पाणी वापरा, काही आठवडे थांबा.

कोरडी वाळू पाणी नितळ होईपर्यंत धुवा, पाकिटातली लाइव्ह सँड मात्र धुऊ नका, त्यातले जिवाणूच वाहून जातील. दगड आधी थेट तळावर टेकवा, वाळू नंतर ओता. नाहीतर वाळू उकरणारा मासा एखाद्या रात्री सगळा डोलारा काचेवर पाडेल. चालू टाकीत भर घालायची असेल तर पॉवरहेड बंद करून, पीव्हीसी पाइपमधून, तळाशी हळूहळू सोडा.