प्रायमरीत उतरण्याआधी: पक्षातल्या जुन्या मंडळींशी भिडायचं कसं

न्यू जर्सीत वाढलेली, नुकतीच मतदार झालेली मराठी मुलं-मुली मला हल्ली वरचेवर फोन करतात. डेमोक्रॅटिक पक्षातल्या प्रस्थापितांवर सगळी चिडलेली असतात. "ताई, ही माणसं आमचं ऐकूनच घेत नाहीत. करायचं काय?" मी अकरा वर्षं या पक्षासाठी दारोदार फिरते आहे आणि माझा कल पक्षातल्या डाव्या, पुरोगामी गटाकडे आहे. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी आपली नोंदणी तपासा. दुसऱ्या पक्षात नाव असेल तर प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या जूनमधल्या मतदानाच्या, ५५ दिवस आधी बदलून घ्यावं लागतं. कुठल्याच पक्षात नाव नसेल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देता येतं. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीला न चुकता जाणारी किती तरी माणसं जूनमध्ये घरी बसतात. पण जिथे एकाच पक्षाचं वजन आहे, तिथे निकाल जूनमध्येच लागलेला असतो.

मग मतपत्रिका वाचायला शिका. हे मला फार उशिरा कळलं. आमच्या राज्यातल्या २१ पैकी १९ काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) प्रायमरीच्या मतपत्रिकेवर 'लाइन' असायची. पक्षाने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार, अगदी सिनेटपासून गावच्या कौन्सिलपर्यंत, एका सरळ ओळीत. बाकीचे कुठे तरी लांबच्या रकान्यात. त्या कोपऱ्याला कार्यकर्ते 'सैबेरिया' म्हणत. आणि पाठिंबा कोण देणार? काही काउंट्यांत पक्षाच्या काउंटी कमिटीचे सदस्य मतदान करत, काही ठिकाणी त्या कमिटीचा चेअरमन एकटाच ठरवी. एका वर्षी मी ज्या बाईंसाठी तीन महिने फिरले, त्यांना मत द्यायला गेलेल्या एका आजींना त्यांचं नाव मतपत्रिकेवर सापडलंच नाही. "तू सांगितलेलं नाव नव्हतं गं," म्हणाल्या. नाव होतं, सातव्या रकान्यात. त्या रात्री मला रडू आलं.

२०२४ मध्ये सिनेटच्या प्रायमरीत उतरलेले खासदार अँडी किम या लाइनविरुद्ध न्यायालयात गेले. बऱ्याच काउंट्यांचे चेअरमन तेव्हा गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी यांच्या मागे उभे होते. मर्फींनी मार्चमध्ये माघार घेतली, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला न्यायाधीशांनी त्या जूनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइन थांबवली. पुढच्या वर्षी कायदाच बदलला. आता एका पदाचे सगळे उमेदवार एकाच चौकटीत दिसतात. किम काही पक्षाच्या डाव्या टोकाचे नेते नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. दार उघडायचं असेल तर आपल्या मताचा नसलेला, पण त्याच दारावर अडलेला माणूस सोबत घ्यावा लागतो.

जुन्या सदस्यांशी बोलायला जाल तेव्हा त्यांची भीती समजून घेऊन जा. १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पक्षाचे डाव्या बाजूचे उमेदवार मॅकगव्हर्न यांनी ४९ राज्यं गमावली, ती आठवण घरातल्या जुन्या दुखण्यासारखी अजून निघते. त्यावर "तुम्ही विकले गेलात" म्हटलंत की बोलणं संपलं. त्यापेक्षा २०१८ बद्दल बोला: अमेरिकी प्रतिनिधिगृहातल्या पक्षाच्या वरच्या फळीतले जो क्राउली न्यूयॉर्कच्या प्रायमरीत नवख्या, पुरोगामी अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांच्याकडून हरले. मतदारसंघ बदलला होता आणि ते तिथे पुरेसे दिसत नव्हते. "आपल्या गावात कोण दिसत नाही?" हा प्रश्न जुन्यांनाही पटतो.

अडवणूक करायची वेळ आली तर आधी मतं मोजा. २०२१ मध्ये पुरोगामी खासदारांनी पायाभूत सुविधांचं विधेयक महिनोन् महिने रोखून धरलं, कारण सामाजिक खर्चाचं मोठं विधेयक त्याच्यासोबतच मंजूर व्हावं असा त्यांचा आग्रह होता. ५ नोव्हेंबरला त्यांच्यातले सहा डेमोक्रॅट विरोधात गेले, तरी १३ रिपब्लिकन मतं मिळाली आणि ते मंजूर झालं. हातातला दोर सुटला. डिसेंबरमध्ये पक्षाचेच सिनेटर मँचिन यांनी दुसऱ्या विधेयकाला नकार दिला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जे हाती आलं ते बरंच लहान होतं. त्या सहा जणींची-जणांची मतं मला चुकीची वाटत नाहीत. पण त्यांच्याशिवाय काम भागतं हे तोपर्यंत सगळ्यांना दिसलं होतं.

हरलात तर नियम मागा. २०१६ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या लढतीत पुरोगाम्यांचे सँडर्स हरले, पण त्यांच्या माणसांनी लावून धरलं म्हणून २०१८ मध्ये सुपरडेलिगेट्सचं, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात आपल्या मर्जीने मत देणाऱ्या नेत्यांचं, चुरशीच्या लढतीतल्या पहिल्या फेरीचं मत काढून घेतलं गेलं. पदं मागितली असती तर चार जणांना मिळाली असती.

आणि सुरुवात काउंटी कमिटीपासून करा. चार-सहा गल्ल्यांच्या तुमच्या मतदान-विभागातून प्रायमरीतच हे सदस्य निवडले जातात, आणि तेच चेअरमन निवडतात. माझ्या विभागातली जागा कित्येक वर्षं रिकामी होती, कुणी अर्जच भरला नव्हता. अर्ज गावच्या क्लर्ककडे मिळतो. सह्या आपल्याच विभागातल्या, आपल्याच पक्षाच्या मतदारांच्या हव्यात. लागतात त्याच्या दुप्पट घ्या, कारण आव्हान मिळालं तर एकेक सही तपासली जाते. दारात उभं राहूनच नाव-पत्ता मतदार यादीशी ताडून बघा. माझ्या पहिल्या अर्जातल्या नऊ सह्या रस्त्यापलीकडच्या घरांतल्या होत्या, आणि रस्त्यापलीकडे दुसरा विभाग सुरू होत होता.