इंजिनिअरिंग करत पार्टटाइम जॉब करताय? या चुका टाळा

दर वर्षी गावाकडून पुण्यात आलेली फर्स्ट इयरची पोरं मला एकच विचारतात, दादा जॉब कुठे मिळेल आणि पगार किती. सुट्टी कधी मिळेल हे एकही जण विचारत नाही, आणि पोरं अडकतात ती नेमकी तिथेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जॉबचा सीझन न बघणं. कपड्याच्या दुकानाला गर्दी दिवाळीत, केटरिंगला एप्रिल-मेच्या लग्नसराईत, दहावी-बारावीच्या क्लासला जानेवारीपासून मार्चपर्यंत. आता आपलं बघा, ऑड सेमचं, म्हणजे वर्षाच्या पहिल्या सहामाहीचं सबमिशन (जर्नल-फाईल जमा करणं) दिवाळीच्या मागेपुढे आणि इव्हन सेमची, म्हणजे दुसऱ्या सहामाहीची एंडसेम परीक्षा उन्हाळ्यात. म्हणजे मालकाला तुमची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच तुम्हाला सुट्टी हवी असते.

मी मेकॅनिकलला सेकंड इयरला असताना लक्ष्मी रोडवर एका कपड्याच्या दुकानात काउंटरला होतो, साडेपाच ते साडेनऊ. जून-जुलैत एकदम निवांत, मला वाटलं जमलं सगळं. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मालक म्हणाले आता सुट्टी नाही, दुकान वाढवेपर्यंत थांबायचं, म्हणजे रात्रीचे साडेअकरा, तिथून कात्रजला रूमवर पोचेपर्यंत साडेबारा. मालकांची चूक नव्हती, त्यांचं अर्ध्या वर्षाचं गणित त्या पंधरा दिवसांवर असतं, मीच जॉइन होताना काही बोललो नव्हतो. त्या दिवसांत एसओएमचं, म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स विषयाचं जर्नल (प्रॅक्टिकलची वही) मी रूममेटचं बघून रात्री दोन वाजता उतरवलं आणि झोपेत माइल्ड स्टील आणि कास्ट आयर्नचे ग्राफ उलटसुलट काढले. ओरलला एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेच पान उघडलं आणि विचारलं, कास्ट आयर्नला यील्ड पॉइंट कुठून आला? यील्ड पॉइंट म्हणजे तुटायच्या आधी धातू कायमचा ताणायला लागतो ती जागा. मी गप्प. ती टेस्ट मी स्वतः यूटीएमवर, म्हणजे धातू ओढून तोडायच्या मशीनवर बघितली होती, कास्ट आयर्नचा तुकडा न ताणता एकदम तुटतो हे डोळ्यासमोर होतं, तरी तोंडातून शब्द निघाला नाही. ओरलमध्ये कसाबसा पास झालो पण एमथ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची केटी लागली (नापास, पेपर परत द्यायचा), कारण त्यातला लाप्लास ट्रान्सफॉर्मचा भाग त्या महिन्यात उघडूनच बघितलं नव्हतं. ती केटी थर्ड इयरपर्यंत डोक्यावर होती.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली ती शेवटपर्यंत ठेवली. नवीन जॉबला पहिल्याच दिवशी सांगायचं की माझे हे दोन आठवडे सबमिशनचे आणि हे परीक्षेचे, त्यात मी येणार नाही, बदल्यात बाकीचे रविवार पूर्ण दिवस थांबतो. दोन ठिकाणी तोंडावर नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी हो म्हणाले आणि तिथे मी दीड वर्ष टिकलो.

दुसरी चूक, जर्नल मागे ठेवणं. माझी पद्धत साधी, प्रॅक्टिकल झालं की लॅबमधून सरळ लायब्ररीत, रीडिंग-कॅल्क्युलेशन-ग्राफ तिथेच संपवायचे आणि मगच कामावर जायचं. चाळीस मिनिटं लागतात. शेवटच्या आठवड्यात दहा प्रॅक्टिकल एकदम लिहायला बसलात तर तीन रात्री जातात. आणि हल्ली काही जण पैसे देऊन फाईल लिहून घेतात, ते मला अजिबात पटत नाही. महिनाभर उभं राहून कमवायचं आणि तेच पैसे फाईल लिहिणाऱ्याला द्यायचे, मग जॉब केला कशासाठी? ओरलला तो लिहिणारा तुमच्या शेजारी बसणार नाहीये.

जॉब शोधायच्या आधी महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवरचा फॉर्म भरा. कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून अ‍ॅडमिशन आहे आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे तर शाहू महाराज शिष्यवृत्तीत ट्युशन फी निम्मी होते, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या मुलींना तर २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला नाही म्हणून फॉर्म राहिला आणि तेवढेच पैसे मिळवायला वर्षभर राबणारी पोरं मी बघितलीत, फार वाईट वाटतं. तुमच्या कॉलेजात कमवा आणि शिका योजना असेल तर तीही आधी बघा, पैसे कमी मिळतात पण काम कॉलेजातच, येण्याजाण्याचा वेळ वाचतो.

येण्याजाण्याचा वेळ कुणीच धरत नाही. चार तासांचा जॉब स्वारगेटच्या ट्रॅफिकसकट सहा तासांचा होतो.

नाइट शिफ्ट घेऊ नका. दिवसा लेक्चरला झोपणार नाहीतर दांडी मारणार, आणि ७५ टक्के अटेंडन्स भरली नाही की डिफॉल्टर लिस्टला नाव.

फर्स्ट इयरच्या पहिल्या सेमला शक्य असेल तर जॉब करूच नका. ग्राफिक्सच्या (ड्रॉइंगच्या) शीट, मेकॅनिक्स, एमवन म्हणजे गणिताचा पहिला पेपर, हे सगळं एकदम अंगावर येतं. घरी खरंच अडचण असेल तर एक-दोन नववीच्या मुलांची गणिताची शिकवणी घ्या, रूमपासून चालत जाता येईल अशी.