शेकडो सूक्ष्मचित्रांचा कॉन्ट्रास्ट स्क्रिप्टने वाढवताय? या चुका टाळा

मांडवीच्या पाण्यातले डायटम (काचेसारख्या कवचाचे एकपेशीय शैवाल) असोत, झुआरीच्या गाळातली फोरॅमिनिफेरा (कवच असलेले एकपेशीय जीव) असोत की चोडणच्या खारफुटीच्या पानांचे छेद, कॅमेऱ्यातून आलेली टिफ फाइल संगणकावर उघडली की बहुतेकदा पडदा काळाच दिसतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. १२ बिटचा कॅमेरा ० ते ४०९५ एवढ्याच किमती देतो. त्या किमती १६ बिटच्या फाइलमध्ये साठवल्या जातात, आणि फोटो दाखवणारे साधे सॉफ्टवेअर मात्र ० ते ६५५३५ असा पल्ला धरून चालते. ४०९५ म्हणजे त्या पल्ल्याचा जेमतेम सोळावा हिस्सा, त्यामुळे सर्वांत उजळ ठिपकासुद्धा काळपटच उमटतो.

मग कॉन्ट्रास्ट वाढवायचा, आणि तीनशे फोटो एकेक करून उघडत कोण बसणार, म्हणून फिजी या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअरचा मॅक्रो (आज्ञांची छोटी यादी) किंवा पायथनची स्क्रिप्ट लिहायची. घोळ सुरू होतो तो इथून.

प्रत्येक फोटोला वेगळी फूटपट्टी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती चूक आहे हे पटकन लक्षातही येत नाही, कारण सगळे फोटो छान दिसू लागतात.

समजा, रंगद्रव्य न घातलेल्या कंट्रोल नमुन्यात पिक्सेलच्या किमती ११० ते १६० आहेत आणि रंगद्रव्य घातलेल्या नमुन्यात ११० ते १९००. लूपमध्ये दोन्हींवर आपोआप कॉन्ट्रास्ट चालवला, तर पहिल्यातला ५० चा पल्ला ताणून २५५ केला जातो आणि दुसऱ्यातला १७९० चा पल्ला दाबून २५५ केला जातो. कंट्रोलमधला कॅमेऱ्याचा निव्वळ गोंगाट पाचपट फुगतो आणि दोन्ही फोटो सारखेच उजळ दिसतात. जो फरक दाखवण्यासाठी प्रयोग केला, तोच स्क्रिप्टने पुसून टाकलेला असतो.

उपाय म्हणजे स्क्रिप्टच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत काहीही बदलायचे नाही. प्रत्येक फाइल उघडून तिची खालची आणि वरची मर्यादा काढायची आणि तक्त्यात लिहायची. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत घेऊ नका. सेन्सरवरचा एक बिघडलेला ठिपका ४०९५ देतो आणि हिशेब कोसळतो. त्याऐवजी पर्सेंटाइल घ्या, म्हणजे ठरावीक टक्के पिक्सेल ज्या किमतीच्या खाली येतात ती किंमत. मग तक्ता डोळ्यांखालून घाला, फोकस चुकलेले किंवा बुडबुडा आलेले फोटो वगळा, उरलेल्यांतली सर्वांत खालची खालची मर्यादा आणि सर्वांत वरची वरची मर्यादा निवडा. दुसऱ्या फेरीत हीच एक जोडी सर्व फोटोंना लावा. फिजीच्या मॅक्रोत त्यासाठी 'सेटमिनअँडमॅक्स' हे फंक्शन आहे. चित्र अनेक चॅनेलचे (रंगांच्या वेगवेगळ्या थरांचे) असेल तर ते चालू असलेल्या चॅनेललाच लागू होते, म्हणून चॅनेलवरही लूप हवा आणि प्रत्येक चॅनेलची जोडी वेगळी ठेवायची.

पर्सेंटाइलच्या बाबतीत एक बारकावा आहे. फिजीत 'एन्हान्स कॉन्ट्रास्ट'ला ०.३५ टक्के हा आकडा दिला, तर तो दोन टोकांत अर्धा-अर्धा वाटला जातो. म्हणजे खालचे ०.१७५ टक्के पिक्सेल पूर्ण काळे आणि वरचे ०.१७५ टक्के पूर्ण पांढरे. पायथनमध्ये तेच हवे असेल तर ०.१७५ आणि ९९.८२५ हे पर्सेंटाइल घ्यावे लागतात. ०.३५ आणि ९९.६५ टाकले की निकाल जुळत नाही आणि मग तासभर सॉफ्टवेअरला दोष दिला जातो.

हा आकडा लहान वाटतो, पण २०४८ गुणिले २०४८ च्या फोटोत ०.१७५ टक्के म्हणजे सुमारे ७,३४० पिक्सेल. गोलाकार वस्तू धरली तर व्यास सुमारे ९७ पिक्सेल. काळ्या पार्श्वभूमीवर एवढाच एक चमकता डायटम असेल, तर तो अख्खा सपाट पांढरा होतो आणि त्याच्यावरच्या रेषा जातात. अशा फोटोंसाठी टक्केवारी दहापट खाली आणा, नाहीतर वस्तूचा मास्क करून फक्त त्या भागातली पर्सेंटाइल मोजा.

आणि कॅमेऱ्याचे ऑटो-एक्सपोजर चालूच राहिले असेल तर? मग एकच जोडी लावूनही तुलना फसवीच राहील. पहिल्या फेरीच्या तक्त्यात एक्सपोजरचा वेळ आणि गेन (कॅमेऱ्याने सिग्नल किती वाढवला) हे दोन रकानेही ठेवा. फाइलच्या मेटाडेटात ते मिळत असतील तर स्क्रिप्टच भरेल. आकडे एकसारखे नसतील तर स्क्रिप्ट बंद करा आणि फोटो पुन्हा काढा.

दिसणे बदलले की आकडे बदलले?

फिजीत 'एन्हान्स कॉन्ट्रास्ट' चालवताना 'नॉर्मलाइझ'ची खूण नसेल तर फक्त पडद्यावरचे दिसणे बदलते, पिक्सेलच्या किमती जशाच्या तशा राहतात. खूण केली की किमतीच बदलतात: ८ बिटच्या चित्रात ० ते २५५ आणि १६ बिटच्या चित्रात ० ते ६५५३५ अशा पसरवल्या जातात. 'इक्वलाइझ हिस्टोग्रॅम'ही किमती बदलतो.

खरा सापळा मात्र पुढच्या पायरीत असतो. 'नॉर्मलाइझ' न करता फक्त दिसणे बदललेले १६ बिटचे चित्र ८ बिटमध्ये रूपांतरित केले, की त्या क्षणी जी दृश्य मर्यादा लावलेली असते तीच ० ते २५५ वर कायमची कोरली जाते. मॅक्रोत ही ओळ बऱ्याचदा फाइल सेव्ह करण्याआधी सहज येऊन बसते. बायो-फॉरमॅट्स या प्लगइनने फाइल उघडताना 'ऑटोस्केल' चालू असेल तर मर्यादा आधीच प्रत्येक फोटोगणिक वेगळी झालेली असते, आणि तुम्ही हात न लावताही वर सांगितलेली फूटपट्टीची चूक घडते. म्हणून क्रम पक्का ठेवा: ऑटोस्केल बंद, मग तुमची ठरलेली जोडी, मग ८ बिट, मग सेव्ह.

उजळपणाची मोजमापे मूळ १६ बिटच्या फाइलवरच करायची. कॉन्ट्रास्ट वाढवलेली प्रत अहवालात आणि पोस्टरवर लावण्यासाठी असते.

स्क्रिप्ट चालली, चूक दाखवली नाही, पण फोटो होता तसाच

आधी फोटोच्या खालच्या कडेला पाहा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या फोटोत खाली काळी पट्टी असते आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत व्होल्टेज, वर्धन आणि मापरेषा. पट्टीत ० आहे, अक्षरांत २५५ आहे, म्हणजे स्क्रिप्टच्या दृष्टीने पल्ला आधीच पूर्ण ताणलेला. ताणायला काही उरतच नाही. पर्सेंटाइलनेही हे सुटत नाही: १०२४ पिक्सेल उंचीच्या फोटोत ६४ पिक्सेलची पट्टी असेल तर सव्वासहा टक्के क्षेत्र काळेच आहे, खालचे ०.१७५ टक्के सगळे तिथेच खर्ची पडतात. मर्यादा मोजताना पट्टी वगळून आयत निवडा. पट्टी कापून टाकायची असेल तर आधी मापरेषेवरून पिक्सेलचे माप काढून ठेवा, नंतर ते शोधायला जागा राहत नाही.

साध्या सूक्ष्मदर्शकाच्या फोटोवर आधीच छापलेली पांढरी मापरेषा असली तरी हेच होते. मापरेषा कॉन्ट्रास्टनंतर टाकावी.

दुसरे कारण असमान उजेड. मधोमध लखलखाट आणि कोपऱ्यांत अंधार असेल, तर सगळा पल्ला उजेडाच्या उतारातच संपतो आणि नमुन्याच्या वाट्याला काही येत नाही. अशा वेळी कॉन्ट्रास्टच्या आधी उजेड सपाट करायचा. त्याच दिवशी, त्याच ऑब्जेक्टिव्हने (नमुन्याजवळच्या भिंगाने), स्लाइडच्या रिकाम्या जागेचा एक फोटो आणि दिवा झाकून एक अंधारा फोटो घ्या. नमुन्यातून अंधारा वजा, रिकाम्यातून अंधारा वजा, पहिल्याला दुसऱ्याने भागायचे आणि दुसऱ्याच्या सरासरीने गुणायचे. हे सगळे ३२ बिटमध्ये.

रिकामा फोटो काढायचा राहून गेला असेल तर फिजीतला 'सबट्रॅक्ट बॅकग्राउंड' कामाला येतो, पण त्यात आधीपासून भरलेली ५० पिक्सेलची त्रिज्या तशीच ठेवू नका. त्रिज्या सर्वांत मोठ्या वस्तूच्या त्रिज्येपेक्षा कमी नको. २०० पिक्सेल व्यासाच्या कॉसिनोडिस्कस या गोल डायटमवर ५० चा चेंडू फिरवला, तर तो वस्तूचा मधला भागच पार्श्वभूमी समजून खाऊन टाकतो. ब्राइटफील्ड (उजळ पार्श्वभूमीच्या) फोटोंना 'लाइट बॅकग्राउंड'ची खूणही लागते.

क्लाहे म्हणजे जादू नव्हे

क्लाहे ही पद्धत चित्राच्या प्रत्येक तुकड्याचा कॉन्ट्रास्ट स्वतंत्रपणे वाढवते, म्हणून निकाल डोळ्यांत भरतो. पण ती वापरल्यावर एका कोपऱ्यातला १२० आणि दुसऱ्या कोपऱ्यातला १२० यांचा अर्थ एक राहत नाही. उजेडाची तुलना संपली. शिवाय रिकाम्या पार्श्वभूमीतला गोंगाट फुगून दाणेदार नक्षी तयार होते. डायटमच्या रेषा मोजणाऱ्याने त्यातून नसलेल्या रेषा मोजल्या तर नवल नाही.

आकडेही एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येत नाहीत. फिजीत ब्लॉकचा आकार १२७ पिक्सेल आणि कमाल उतार ३ असे आधीपासून भरलेले असते. पायथनमधल्या ओपनसीव्ही लायब्ररीत क्लिप लिमिट (कॉन्ट्रास्ट किती वाढू द्यायचा याची मर्यादा) ४० आणि जाळे ८ गुणिले ८, म्हणजे तिथे तुकड्यांचा आकार नव्हे तर संख्या सांगायची असते. सायकिट-इमेज या दुसऱ्या लायब्ररीत क्लिप लिमिट ० ते १ मधली असते आणि आधीची किंमत ०.०१. नुसते 'क्लाहे ३' असे वहीत लिहिले तर सहा महिन्यांनी त्यावरून काहीही कळणार नाही. गॅमा (मधल्या छटा उजळ किंवा गडद करणे) किंवा क्लाहे वापरले असेल तर चित्राखालच्या ओळीत तसे लिहा. अनेक शोधपत्रिकांना ही माहिती द्यावीच लागते.

पायथनमधले खाचखळगे

फोटोत अचानक नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे पट्टे दिसले, तर किमती उलटल्या आहेत. ८ बिटमध्ये २०० अधिक १०० म्हणजे ३०० होत नाही, ४४ होते. १६ बिटचे चित्र सरळ ८ बिटमध्ये ओतले की २५६ चे ० होते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी. आधी फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) या, खालची मर्यादा वजा करा, पल्ल्याने भागा, ० ते १ च्या बाहेरचे छाटा, २५५ ने गुणा, जवळच्या पूर्णांकात आणा, आणि मगच ८ बिट करा.

ओपनसीव्हीचे 'इमरीड' फंक्शन जादा सूचना न देता वापरले तर १६ बिटची फाइल ८ बिट करूनच उघडते. 'अनचेंज्ड' हा पर्याय द्यायलाच हवा. त्याहून खोडकर गोष्ट म्हणजे फाइल उघडता आली नाही तर ते चूक दाखवत नाही, गुपचूप 'नन' (म्हणजे काहीच नाही) परत करते आणि स्क्रिप्ट पुढे कुठेतरी भलत्याच ओळीवर कोसळते. विंडोजवर फोल्डरचे नाव देवनागरीत असेल तर हे हमखास घडते. 'मांडवी' किंवा 'दोनापावला' असे फोल्डर हवेच असतील तर फाइल आधी नमपाय या लायब्ररीच्या 'फ्रॉमफाइल'ने वाचून 'इमडीकोड'ला द्या.

रोमन लिपीत नाव दिले तरी सुटका नाही. विंडोजच्या पत्त्यात बॅकस्लॅशपुढे छोटा 'टी' आला की पायथन त्याचा टॅब करते आणि छोटा 'एन' आला की नवी ओळ. म्हणजे तेरेखोलचे फोल्डर सापडणार नाही, नेत्रावळीचेही नाही, आणि म्हापशाचे सापडेल. सरळ स्लॅश वापरा.

फायलींची शिस्त

निकालांसाठी फोल्डर वेगळे. त्याच फोल्डरात सेव्ह केले तर दुसऱ्यांदा चालवलेली स्क्रिप्ट स्वतःचेच निकाल नमुने समजून पुन्हा ताणते. इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरचे 'मॉग्रिफाय' तर मूळ फाइलवरच लिहिते, त्याला 'पाथ' देऊन वेगळा रस्ता दाखवावा लागतो. मूळ फोल्डर आधीच फक्त-वाचनासाठी करून ठेवलेले बरे.

नावात क्रमांक ००१, ००२ असे लिहा, नाहीतर अक्षरक्रमात १० हा २ च्या आधी येतो. पायथनच्या 'लिस्टडिर'ला तर ठरलेला क्रमच नाही, यादी स्वतः लावून घ्यावी लागते. मॅकवरून पेनड्राइव्हमध्ये आणलेल्या फायलींसोबत टिंब-अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या छोट्या फायली येतात. त्यांचे शेपूटही (एक्स्टेंशन) टिफच असते, म्हणून नुसत्या शेपटावरून गाळल्या तर त्या आत शिरतात. टिंबाने सुरू होणारे प्रत्येक नाव वगळा.

जेपीईजी मधल्या कुठल्याही पायरीत नको. ते चित्राला ८ गुणिले ८ च्या चौकटींत दाबते आणि कॉन्ट्रास्ट वाढला की त्या चौकटी फरशीसारख्या उठून दिसतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रांचे दुखणेही हेच.

फिजीत बॅच मोड (खिडक्या न उघडता काम) चालू करा आणि प्रत्येक फोटो सेव्ह झाल्यावर तो बंद करा. २०४८ गुणिले २०४८ चे ३२ बिटचे चित्र १६ एमबी घेते, तीनशे उघडी राहिली तर ४.८ जीबी. पावसाळ्यात गोव्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा निकाल आधी तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावर नाव बदला. म्हणजे अर्धवट लिहिलेली फाइल पुढच्या वेळी 'झालेली' म्हणून गणली जाणार नाही.

दोष स्क्रिप्टचा नसतो तेव्हा

सर्वच फोटो धुक्यातून काढल्यासारखे असतील तर आधी सूक्ष्मदर्शक पाहा. जून ते सप्टेंबरच्या दमटपणात ऑब्जेक्टिव्हवर बुरशीची जाळी धरते. आयपीस काढून नळीतून पाहिले की कधीकधी ती थेट दिसते. भिंगे सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करा. कंडेन्सरचा (नमुन्याखाली प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचा) डायाफ्रॅम पूर्ण उघडा राहिला असेल तर तो ऑब्जेक्टिव्हच्या छिद्राच्या दोन-तृतीयांश ते चार-पंचमांश इतका मिटवा. डायटमच्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.४५, पाण्याचा १.३३ आणि कॅनडा बाल्समचा (स्लाइड बसवण्याच्या राळेचा) साधारण १.५२. त्यामुळे बाल्सममध्ये बसवलेला डायटम फिकाच दिसतो. नॅफ्रॅक्ससारख्या सुमारे १.७ च्या माध्यमात स्लाइड बसवली तर रेषा मुळातच ठळक येतात.