खुर्चीत बसून पक्षी बघताना
चालणं-फिरणं कमी झालं म्हणून पक्षी बघणं सोडू नका. अर्धा तास न हलता बसणाऱ्याला पुष्कळदा फिरणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं. सूर्याकडे पाठ येईल अशी खुर्ची ठेवा आणि समोर, झुडपाजवळ, पसरट भांड्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी. मध्ये खडबडीत दगड हवाच: पक्षी आधी त्यावर उतरतो, मान इकडेतिकडे वळवतो, मग चोच बुडवतो. पाणी रोज बदला.

दुर्बीण १०x४२ पेक्षा ८x३२ बरी (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा). वजनाला हलकी, आणि हाताचा कंपही कमी जाणवतो. (मोठ्या दुर्बिणीचा मोह मला तरी फळला नाही.) तरीही हात भरून आले तर मांडीवर उशी घेऊन कोपरं टेकवा.

बागेबाहेर जायचं तर गाडीसारखं लपण नाही. माणूस खाली उतरला की उडणारे पक्षी उभ्या गाडीकडे बहुधा दुर्लक्ष करतात. तळ्याकाठी किंवा शेताच्या कडेला, रस्ता न अडवता थांबा. इंजिन बंद, काच अर्धी खाली, तिच्यावर घडी घातलेला टॉवेल आणि त्यावर दुर्बीण.

पान हललं की नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांशी आणा. खाली बघून शोधायला गेलात तर पक्षी निसटलाच.