फ्लोचार्ट काढायला फुकटातलं सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं: थोडं अनुभवाचं

टेक्निकल डॉक्युमेंटेशनच्या कामात नवीन आलेली मुलं हमखास विचारतात की व्हिजिओचं (मायक्रोसॉफ्टचं डायग्राम काढायचं विकतचं सॉफ्टवेअर) लायसन्स नाहीये, मग फ्लोचार्ट कशात काढू. मी उलट विचारतो, काढून झाल्यावर तो जाणार कुठे? रिपोर्टमध्ये, स्लाइडवर, कोडच्या शेजारी, का नुसता मीटिंगमध्ये दाखवून सोडून द्यायचाय? याचं उत्तर मिळालं की सॉफ्टवेअर आपोआप ठरतं. कुठल्या टूलमध्ये किती शेप आहेत हे बघत बसण्यात काही अर्थ नाही, कारण साध्या फ्लोचार्टला लंबगोल, आयत, डायमंड आणि इनपुट-आउटपुटचा समांतरभुज चौकोन एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं, आणि ही चिन्हं आयएसओ ५८०७ या १९८५ च्या स्टँडर्डमध्येच आहेत, त्यामुळे सगळ्यांकडे असतातच.

खरा वेळ काढण्यात जात नाही, बदलण्यात जातो. सर म्हणतात मध्ये एक अप्रूव्हलची स्टेप घाला, क्लायंट म्हणतो हा बाण मागे जायला पाहिजे, आणि मग सगळं सरकवायचं. म्हणून नवीन टूल हातात आलं की मी एकच चाचणी करतो. चार-पाच बॉक्स काढायचे, त्यात एक डायमंड, सगळे बाणांनी जोडायचे, आणि मधला बॉक्स उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायचा. बाण त्याच्या मागोमाग आले आणि नीट काटकोनात वळले तर पुढे बघा. बाण तिथेच लोंबकळत राहिले तर टूल बंद करा, बाकी कितीही सुंदर असू दे.

पहिलं नाव अर्थातच ड्रॉ डॉट आयओ. मधे २०२० साली त्याचं नाव डायग्राम्स डॉट नेट केलं होतं, त्यामुळे जुन्या ट्यूटोरियलमध्ये दोन्ही नावं दिसतात, गोंधळू नका, एकच आहे. लॉगिन लागत नाही, ब्राउझरमध्ये चालतं, फाइल कुठे सेव्ह करायची ते तुम्ही ठरवता, आणि डेस्कटॉप व्हर्जन घेतलं तर इंटरनेटशिवाय चालतं. ऑफिसचं आतलं काहीतरी काढताय आणि ते बाहेर जायला नको असेल तर सरळ डेस्कटॉपच घ्या. यात बाण जोडताना एक गोष्ट नीट बघायची: बाण ओढत नेल्यावर अख्ख्या बॉक्सची कड निळी झाली तर तो बाण बॉक्सला सैल जोडला जातो, म्हणजे बॉक्स हलला की बाण सोयीच्या बाजूने येतो, आणि एखाद्या ठराविक बिंदूवर हिरवा गोल दिसला तर तो त्या बिंदूलाच चिकटतो. डायमंडच्या हो-नाहीच्या बाणांना ठराविक बिंदू बरा, कारण हो खाली आणि नाही उजवीकडे असं एकदा ठरवलं की पूर्ण चार्टभर तसंच राहिलं पाहिजे, बाकी ठिकाणी सैल ठेवा. एवढं पाळलं तरी निम्मी डोकेदुखी जाते.

त्याचीच अजून एक भारी सोय आहे जी फार कमी जण वापरतात. पीएनजी एक्सपोर्ट करताना डायग्रामची कॉपी सोबत घालायचा पर्याय असतो, तो टिक केला की ते चित्रच परत ड्रॉ डॉट आयओमध्ये उघडून एडिट करता येतं. म्हणजे सहा महिन्यांनी मूळ फाइल सापडत नाहीये, फक्त चित्र आहे, तरी काम होतं. मात्र तेच चित्र मेसेजिंग अ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की अ‍ॅप ते दाबून लहान करतं आणि आतली कॉपी जाते, तेव्हा पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि आता यातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट. एसव्हीजी (ठिपक्यांऐवजी रेषांच्या रूपात साठवलेलं चित्र) एक्सपोर्ट करून इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा वर्डमध्ये घातलं की बॉक्स सगळे दिसतात पण अक्षरं गायब किंवा काहीतरी भलतंच, खाली एक इंग्रजी ओळ की टेक्स्ट हे एसव्हीजी नाहीये, दाखवता येत नाही. फाइल खराब झालेली नसते. ड्रॉ डॉट आयओ मजकूर एचटीएमएलच्या रूपात आत ठेवतं, ब्राउझरला ते कळतं, बाकीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरना कळत नाही. उपाय म्हणजे सगळं सिलेक्ट करून टेक्स्टच्या टॅबमध्ये वर्ड रॅप आणि फॉरमॅटेड टेक्स्ट हे दोन्ही बंद करायचे आणि परत एक्सपोर्ट करायचं. मग लांब ओळी आपोआप मोडत नाहीत, त्या हाताने एंटर मारून मोडाव्या लागतात, तेवढं सहन करा. ते नको असेल तर पीडीएफ काढा.

लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिस पॅकेजमधल्या ड्रॉला लोक उगाच नावं ठेवतात. दिसायला जुनाट आहे मान्य, पण रिपोर्ट लिब्रेऑफिसमध्येच लिहिताय तर डायग्राम कॉपी करून पेस्ट केला की तो तिथेही एडिट होतो, आणि व्हिजिओची फाइल उघडण्यासाठी फुकटात ही पहिली जागा. फक्त एक करा, टूलबारवर लाइन आणि कनेक्टर अशी दोन वेगळी बटणं आहेत, फ्लोचार्टमध्ये लाइनला हातच लावू नका. लाइन बॉक्सला चिकटत नाही, कनेक्टर चिकटतो. ‘ड्रॉमध्ये बाण निसटतात’ ही तक्रार ज्यांच्याकडून ऐकली त्यातल्या बहुतेकांनी लाइनच ओढलेली असते. इंकस्केपचं मात्र उलट आहे, चित्र म्हणून अफलातून, कनेक्टर म्हणून कामचलाऊ, तेव्हा तयार डायग्रामवर शेवटचा हात फिरवायला ठीक.

कोड लिहिणाऱ्यांसाठी वेगळा रस्ता आहे, आणि मला स्वतःला तोच जास्त आवडतो: माऊस सोडा, डायग्राम मजकुरात लिहा. मर्मेड हे असं मजकुरातून चित्र काढणारं टूल २०१४ पासून आहे आणि २०२२ पासून गिटहब (कोड ठेवायची साइट) ते थेट दाखवतं, म्हणजे रीडमी फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या की चित्र तयार, आणि कुणी काय बदललं ते कोडसारखंच ओळीओळीने दिसतं. लेबल मराठीत लिहिलेली चालतात. एक खड्डा सांगून ठेवतो, फ्लोचार्टच्या एखाद्या बॉक्समध्ये स्मॉल अक्षरांत इंग्रजी ‘एंड’ लिहिलं की अख्खा डायग्राम मोडतो आणि एरर वाचून काही कळत नाही. पहिलं अक्षर कॅपिटल करा किंवा शब्द अवतरणात टाका, झालं. सीक्वेन्स डायग्राम आणि यूएमएलचं (सॉफ्टवेअरची रचना दाखवायची ठरलेली डायग्राम-पद्धत) काम जास्त असेल तर असंच मजकुरातून चालणारं प्लँटयूएमएल बघा, त्याला जावा लागतं आणि क्लास डायग्रामसारख्या काही प्रकारांना सोबत ग्राफव्हिझसुद्धा.

ग्राफव्हिझ, म्हणजे मजकुरात लिहिलेल्या जोडण्यांवरून बॉक्स आणि बाण स्वतः मांडणारं टूल, हे या सगळ्यांतलं जुनं खोड, एटी अँड टीच्या लॅबमधून आलेलं. कोणत्या मॉड्यूलवर कोण अवलंबून आहे अशी शंभर-दोनशे बॉक्सची भानगड असेल आणि ती स्क्रिप्टमधून आपोआप काढायची असेल तर याला तोड नाही. पण हाताने सजवलेला फ्लोचार्ट यातून काढायला जाऊ नका. काटकोनी बाण हवेत म्हणून ऑर्थो ही सेटिंग लावली की ते स्वतःच वॉर्निंग देतं की या बाणांवर लेबल नीट बसत नाहीत, आणि फ्लोचार्टला तर नेमकं हो आणि नाही बाणावरच लिहायचं असतं. शिवाय देवनागरी लेबल असतील तर फाँटचं नाव स्वतःहून द्या, नाहीतर कुठल्या मशीनवर काय उमटेल सांगता येत नाही.

एक्सकॅलिड्रॉ हा ब्राउझरमधला फळा मीटिंगमध्ये चर्चा करताना मस्त, हाताने काढल्यासारखं दिसतं त्यामुळे समोरच्याला वाटतं अजून बदलता येईल आणि तो बोलतो. मात्र त्याचा हस्ताक्षरी फाँट देवनागरीला लागू होत नाही, मराठी मजकूर साध्या फाँटमध्ये येतो आणि थोडं विजोड दिसतं. आणि फाइल स्वतः सेव्ह करा, ब्राउझरचा डेटा साफ केला की चित्र गेलं. वायएड हे डायग्रामचं टूल फुकट आहे पण ओपन सोर्स नाही, तरी एक्सेलमधली यादी उचलून सगळं स्वतः मांडून देतं ते एकदा बघण्यासारखं आहे. डिया हे तसलंच टूल आता जुनं झालं, कुणी दिलेली फाइल उघडायचीच असेल तर ठेवा.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी सर्किट यातल्या कशातही काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रेझिस्टरचा शेप ड्रॉ डॉट आयओमध्येही आहे, पण तिथे ते नुसतं चित्र असतं. कायकॅड या सर्किटच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच तार खरंच जोडलेली आहे का ते तपासता येतं आणि पुढे पीसीबीपर्यंत, म्हणजे छापील सर्किट बोर्डापर्यंत, जाता येतं. पॅनेल वायरिंगला क्यूइलेक्ट्रोटेक, टू-डी ड्रॉइंगला लिब्रेकॅड. लॅटेकमध्ये (कोडसारखं लिहून पानं मांडायची पद्धत) थिसिस लिहिणाऱ्यांना त्यातलंच चित्रं काढायचं टिक्झ सापडेलच, ते शिकायला वेळ लागतो, डेडलाइन आठवड्यावर असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

काही ऑनलाइन टूल्स फ्री म्हणून घेतात आणि ठराविक डायग्राम झाले की पैसे भरा म्हणतात, किंवा एक्सपोर्टवर वॉटरमार्क मारतात. त्यामुळे काम सुरू करायच्या आधीच एक रिकामा बॉक्स काढून पीडीएफ, एसव्हीजी आणि टूलची स्वतःची फाइल असं तिन्ही उतरवून बघा. आणि टीममध्ये कुणाकडून व्हिजिओची फाइल आली असेल तर ती ड्रॉ डॉट आयओ आणि लिब्रेऑफिस दोन्हीकडे उघडून शेजारी मूळ पीडीएफ ठेवून ताडून घ्या, बॉक्स बहुतेक जागेवर येतात, गडबड होते ती फाँटची आणि बाणांवरच्या लेबलांची, आणि हो-नाहीची अदलाबदल झालेला फ्लोचार्ट तसाच पुढे गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.